पितळी वजन आणि माठातलं पाणी: विशिष्ट उष्माधारकता मोजताना उष्णतेचा जमाखर्च कसा मांडायचा

काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकाच्या तासाला एक मुलगी माझ्याकडे आली. “सर, पाणी खळाखळा उकळतंय, पण तापमापी अठ्ठ्याण्णवच दाखवतोय. बिघडलाय का?” तिच्या आजूबाजूच्या सगळ्या गटांनी जर्नलमध्ये १०० लिहून पुढचं गणितही उरकलं होतं. तापमापी बिघडलेला नव्हता. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, आणि साधारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू एकेक अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ते ९५-९६ अंशांवरच उकळू लागतं. त्या दिवशी वर्गात बरोबर आकडा फक्त त्या मुलीकडे होता, आणि शंकाही तिलाच आली होती.

मिश्रण पद्धतीने धातूची विशिष्ट उष्माधारकता काढण्याचा हा प्रयोग दहावीच्या पुस्तकात जेमतेम एका परिच्छेदात संपतो. गरम धातू थंड पाण्यात टाका, तापमान मोजा, सूत्रात घाला. एवढंच करून उत्तर बहुधा दहा-पंधरा टक्क्यांनी चुकतं आणि मग वहीत ‘उष्णतेचा ऱ्हास झाला’ असं एक वाक्य येतं. ती उष्णता कुठे गेली आणि किती गेली, हे घरच्या साधनांनीही शोधता येतं. ते कसं, हे इथे एका पितळी वजनाच्या प्रत्यक्ष हिशेबासह लिहितो आहे.

हिशेब कशाचा मांडायचा

१ ग्रॅम पदार्थाचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती त्याची विशिष्ट उष्माधारकता. पाण्यासाठी ती ४.१८ ज्यूल (म्हणजे १ कॅलरी), ॲल्युमिनियमसाठी ०.९०, लोखंडासाठी ०.४५, तांब्यासाठी ०.३८५ आणि शिशासाठी जेमतेम ०.१३. सगळे आकडे ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश.

पदार्थापदार्थांत हा फरक असतो, हे स्पष्टपणे ओळखलं ते ग्लासगोत शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या सुमारास. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणजे त्यात उष्णताही तेवढीच जास्त मावत असेल असा तेव्हाचा समज होता. पारा आणि पाणी एकत्र करून घेतलेल्या फॅरनहाइटच्या निरीक्षणांवर विचार करताना ब्लॅकना उलटंच दिसलं. गरम पारा पाण्याला फारसं तापवू शकत नाही. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथून पक्कं होत गेलं.

आपल्या प्रयोगाचा पाया म्हणजे उष्णता विनिमयाचं तत्त्व: बाहेरचं काही आत आलं नाही आणि आतलं काही बाहेर गेलं नाही, तर गरम वस्तूने दिलेली उष्णता आणि थंड वस्तूंनी घेतलेली उष्णता सारखीच असते. वाण्याच्या वहीसारखंच आहे हे. जमा आणि खर्च जुळत नसतील, तर एखादी नोंद राहून गेली आहे. पुढचा सगळा लेख अशा राहून जाणाऱ्या नोंदींबद्दल आहे.

साहित्य

धातूसाठी मी दुकानात मिळणारं २०० ग्रॅमचं पितळी वजन सुचवतो. ते भरीव असतं, वर दोरा बांधायला मूठ असते आणि वस्तुमान अंगावरच कोरलेलं असतं. फक्त तळाशी शिशाची टिकली आहे का ते बघा. वजन नेमकं करण्यासाठी आणि त्यावर छाप मारण्यासाठी ती बसवतात. २०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम शिसं असलं तरी उत्तर दीड-दोन टक्क्यांनी खाली येतं.

कॅलरीमापी म्हणून शाळेतला तांब्याचा पेला आणि त्याभोवतीची लाकडी पेटी असेल तर उत्तमच. घरी करायचं तर स्टीलचा पातळ पेला मोठ्या डब्यात ठेवून मधल्या जागेत कापूस किंवा टीव्हीच्या खोक्यातले थर्मोकोलचे तुकडे दाबून भरा. थर्मोकोलचा पेला याहून चांगला, कारण तो स्वतः उष्णता जवळजवळ घेतच नाही. पण २०१८ च्या बंदीनंतर महाराष्ट्रात तो दुकानात मिळायचा नाही. जुना पडून असेल तर वापरा. झाकणासाठी जाड पुठ्ठा घ्या आणि त्याला दोन भोकं पाडा, एक तापमापीसाठी आणि एक ढवळणीसाठी.

तापमापी हा या प्रयोगाचा जीव आहे. शाळेत सर्रास मिळणाऱ्या ० ते ११० अंशांच्या तापमापीवर एकेक अंशाच्या खुणा असतात. डोळ्याने अर्धा अंश वाचता येतो. पण आपल्या प्रयोगात पाणी सात-आठ अंशच तापणार आहे, आणि त्यात अर्धा अंश चुकला की उत्तर सहा-सात टक्क्यांनी हललं. ०.१ अंश दाखवणारा डिजिटल तापमापी मिळाला तर तोच वापरा. तो सगळीकडे अर्धा अंश जास्त दाखवत असला तरी बिघडत नाही, कारण पाण्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान एकाच तापमापीने मोजलं की वजाबाकीत ती चूक जाते. मधेच तापमापी बदलला तर मात्र जात नाही. प्रयोगशाळेत ० ते ५० अंशांचा बारीक खुणांचा तापमापी असेल तर तो पाण्यासाठी उत्तम, पण चुकूनही उकळत्या पाण्यात घालू नका. पाऱ्याला जागा उरत नाही आणि काच फुटते.

तराजू ५०० ग्रॅमपर्यंत तोलणारा आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. दोऱ्याबद्दल एक सूचना: सुती दोरा घेऊ नका, तो उकळतं पाणी शोषून घेतो आणि सोबत आणतो. मासेमारीचा तंगूस घ्या. तो पाणी पीत नाही आणि उकळत्या पाण्यात त्याला काही होत नाही.

पाणी किती आणि किती थंड

वजन पूर्ण बुडेल एवढंच पाणी घ्या. हात सैल सोडून अर्धा लिटर ओतलं तर तापमान अडीच अंशच वाढेल आणि ०.१ अंशाची चूक थेट चार टक्क्यांची होईल. १५० ग्रॅम घेतलं तर वाढ साडेसात अंशांच्या पुढे जाते. कोरडा कॅलरीमापी ढवळणीसकट आधी तोला, मग पाणी ओतून पुन्हा तोला. मापाच्या नळीने मिलिलिटर मोजण्यापेक्षा तोलणं केव्हाही खात्रीचं.

पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थोडं थंड असावं. सुरुवात जितके अंश खाली, शेवट साधारण तितकेच अंश वर, अशी बेतणी करायची. सुरुवातीला पाणी हवेतून उष्णता घेतं, नंतर हवेला देतं आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना फेडतात. ही युक्ती काउंट रमफर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे यासाठी माठ आहे. माठातलं पाणी खोलीपेक्षा आपोआप चार-पाच अंश थंड असतं, तेच घ्या.

हा सल्ला कोरड्या हवेसाठी आहे. पावसाळ्यात खोली २८ अंशांवर असताना हवा इतकी दमट असते की २४ अंशांच्या पेल्यावर बाहेरून दव धरतं. त्या दवाबरोबर उष्णता आत येते आणि पेल्याचं वजनही वाढतं. जून ते सप्टेंबर या काळात खोलीपेक्षा दोनच अंश थंड पाणी घ्या आणि पेला बाहेरून हात लावून कोरडा असल्याची खात्री करा.

वजन तापवणं

तंगुसाने बांधलेलं वजन उकळत्या पाण्यात असं लोंबकळत ठेवा की ते भांड्याच्या तळाला टेकणार नाही. तळ ज्योतीवर असतो आणि पाण्यापेक्षा जास्त तापलेला असू शकतो. पितळ उष्णतेचं चांगलं वाहक आहे, त्यामुळे दोन मिनिटांतच ते आतपर्यंत पाण्याच्या तापमानाला येतं. तरी पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्याचं तापमान मोजा आणि जे दिसेल ते लिहा. पुण्यात ९८, मुंबईत १०० च्या जवळ, पाचगणीत आणखी खाली. पुण्यात १०० धरलं तर या एकाच गोष्टीने उत्तर तीन टक्क्यांनी कमी येतं.

ही पाच मिनिटं वाया घालवू नका. दुसऱ्या बाजूला कॅलरीमापीतल्या पाण्याचं तापमान दर दोन मिनिटांनी नोंदवत राहा. ते खोलीपेक्षा थंड असल्यामुळे हळूहळू चढत असतं, आणि वजन बुडवण्याच्या क्षणी ते नेमकं किती होतं हे याच नोंदींवरून कळतं.

मधले तीन सेकंद

या प्रयोगाचं यश-अपयश उकळत्या पाण्यातून वजन बाहेर काढल्यापासून ते थंड पाण्यात बुडेपर्यंतच्या वेळात ठरतं. म्हणून इथे थोडं थांबू.

बाहेर काढलेल्या वजनाला पाणी चिकटलेलं असतं. ते दोन प्रकारे फसवतं. एक, ते चिकटूनच कॅलरीमापीत गेलं तर स्वतःची उष्णता सोबत नेतं. १ ग्रॅम उकळतं पाणी आपल्या प्रयोगात सुमारे २७७ ज्यूल नेतं. वजन स्वतः पाच हजारांच्या आसपास देणार आहे, म्हणजे पाच-साडेपाच टक्के फुकटची भर. आपण ती पितळेच्या खात्यात मांडतो आणि उत्तर फुगतं. दोन, तेच पाणी वाटेत वाफ होऊन उडालं तर उलटं होतं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात, आणि त्यातला मोठा वाटा गरम वजनातूनच ओढला जातो. म्हणजे ०.१ ग्रॅम पाणी उडालं तरी सव्वादोनशे ज्यूल गेले. तेवढंच पाणी चिकटून आत गेलं असतं तर जेमतेम २८ ज्यूलची चूक झाली असती. थोडं पाणी सोबत गेलेलं परवडतं, वाटेत सुकलेलं परवडत नाही. वजन फडक्याने पुसत बसण्याचा मोह होतो, पण त्या पाच-सहा सेकंदांत जे गमावतं ते जास्त असतं.

माझी रीत अशी आहे. पंखा बंद. भांड्याचं तोंड झाकणाने अर्धं झाकलेलं. वजन पाण्याबाहेर काढायचं, पण वाफेच्या बाहेर नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, दाट वाफेत, आठ-दहा सेकंद धरून ठेवायचं. तिथे ते थंड होत नाही आणि अंगावरचं पाणीही सुकत नाही, कारण भोवती वाफच वाफ असते. पाणी मात्र तळाकडे निथळून थेंब थेंब गळून जातं. मग तंगुसाला एक झटका आणि सरळ कॅलरीमापीत. हे अंतर हातभरच असावं आणि मधे जाड पुठ्ठा उभा करावा, म्हणजे ज्योतीची धग पेल्याला लागत नाही. बुडवताना पाणी उडू देऊ नका. उडालेला प्रत्येक थेंब हिशेबाबाहेर गेला. एकाने झाकण उचलायचं, दुसऱ्याने वजन सोडायचं, तिसऱ्याने घड्याळ बघायचं. थंड वजनाने दोनदा सराव करा आणि मगच गॅस पेटवा. लहान मुलं करत असतील तर उकळत्या भांड्याशी मोठ्या माणसानेच उभं राहावं.

सर्वोच्च तापमानावर समाधान मानू नका

वजन आत गेलं की झाकण लावा, हळूहळू ढवळत राहा आणि दर अर्ध्या मिनिटाने तापमान लिहा. पारा चढतो, थोडा थबकतो आणि उतरू लागतो. बहुतेक वह्यांत ‘सर्वोच्च तापमान’ एवढीच नोंद असते. पण पारा चढत असतानाच पेल्यातून थोडी उष्णता हवेत जात होती, म्हणून दिसलेला सर्वोच्च आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच असतो. पुढची चार-पाच मिनिटं नोंदी घेत राहिलं तर तो फरक शोधता येतो.

या लेखात उदाहरण म्हणून फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारचे आकडे घेतो. खोली २८ अंश. बुडवण्याआधी चार मिनिटं पाणी २३.६, दोन मिनिटं आधी २३.८, बुडवण्याच्या क्षणी २४.० अंश. त्यानंतर अर्ध्या मिनिटाला ३१.३, एका मिनिटाला ३१.६, दीड मिनिटालाही ३१.६, दोन मिनिटांना ३१.५, तीनला ३१.४, चारला ३१.३ आणि पाचला ३१.२.

दुसऱ्या मिनिटापासून पाणी मिनिटाला ०.१ अंश या ठरावीक गतीने उतरतं आहे. आलेखकागदावर हे बिंदू मांडा आणि उतरणारी रेष पट्टीने मागे, बुडवण्याच्या क्षणाकडे वाढवा. ती ३१.७ ला पोहोचते. उष्णता वाटेत कुठेही गेली नसती तर पाणी इथपर्यंत चढलं असतं. फरक ०.१ अंशाचा, पण उत्तरात तो दीड टक्का होतो. रमफर्डच्या युक्तीने हा फरक आपोआप का गेला नाही? कारण पितळ आपली उष्णता अर्ध्या-पाऊण मिनिटात देऊन मोकळं होतं. पाणी खोलीपेक्षा थंड असण्याचा काळ फार थोडा, गरम असण्याचा काळ जास्त. त्यामुळे फेड पुरती होत नाही. दोन्ही करा.

नोंदी संपल्या की वजन, पाणी, पेला, ढवळणी सगळं एकत्र तोला. बुडवण्याआधीची बेरीज माहीत आहेच: पेला आणि ढवळणी ८० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम, वजन २०० ग्रॅम, एकूण ४३०.० ग्रॅम. तंगूस इतका हलका असतो की तो सोडून दिला तरी चालेल. आता तराजू ४३०.३ दाखवतो. म्हणजे ०.३ ग्रॅम उकळतं पाणी चिकटून आत आलं. ही एक तोलणी कुणी करत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि हिशेबातली एक मोठी शंका मिटते.

आकडेमोड

घेणाऱ्यांपासून सुरू करू. पाणी १५० ग्रॅम, त्याला दर अंशाला लागतात १५० × ४.१८ = ६२७ ज्यूल. तांब्याचा पेला आणि ढवळणी मिळून ८० ग्रॅम, त्यांना ८० × ०.३८५ = ३०.८ ज्यूल. एकत्र ६५७.८ ज्यूल प्रति अंश. तापमान २४.० वरून ३१.७ वर गेलं, वाढ ७.७ अंश. घेतलेली उष्णता ६५७.८ × ७.७ = ५०६५ ज्यूल.

यातले काही ज्यूल चिकटलेल्या पाण्याने दिले. ते ९८ वरून ३१.७ वर आलं, म्हणजे ६६.३ अंश उतरलं. ०.३ × ४.१८ × ६६.३ = ८३ ज्यूल. ते वजा केल्यावर पितळेने दिलेली उष्णता ४९८२ ज्यूल.

पितळही तेवढेच, ६६.३ अंश उतरलं. विशिष्ट उष्माधारकता = ४९८२ ÷ (२०० × ६६.३) = ४९८२ ÷ १३,२६० = ०.३७६ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. कॅलरीत हवी असेल तर ४.१८ ने भागा: ०.०९०. पितळेचा छापील आकडा ०.३८ च्या आसपास असतो. मिश्रणातल्या जस्ताच्या प्रमाणाप्रमाणे तो किंचित बदलतो.

तापमानाच्या वाढीत ०.१५ अंशाची अनिश्चितता धरली, तर तेवढ्यानेच दोन टक्के होतात. थोडा वाटा वाटेत गमावलेल्या उष्णतेचा. म्हणून मी उत्तर ०.३७६ ± ०.०१ असं लिहीन. गणकयंत्र ०.३७५७१६ असा काहीतरी आकडा दाखवतं, तो वहीत उतरवू नका. ०.१ अंश वाचणाऱ्या तापमापीने तिसऱ्या दशांशस्थळाच्या पुढचं काहीच कळलेलं नसतं.

घरच्या पेल्याचं काय? स्टीलची विशिष्ट उष्माधारकता ०.५० च्या आसपास, म्हणून ६० ग्रॅमच्या पेल्याचे दर अंशाला ३० ज्यूल धरा. थर्मोकोलच्या पेल्यासाठी मात्र आकडा मोजून काढायला हवा. पेल्यात २४.० अंशांचं ७५ ग्रॅम पाणी घ्या, त्यात ४०.० अंशांचं ७५ ग्रॅम पाणी ओता. पेल्याने काहीच घेतलं नसतं तर मिश्रण बरोबर ३२.० ला आलं असतं. ते ३१.९ ला आलं, तर गरम पाण्याने दिलेलं ७५ × ८.१ = ६०७.५, थंड पाण्याने घेतलेलं ७५ × ७.९ = ५९२.५ आणि उरलेलं १५ पेल्याने घेतलं (एकक कॅलरी). पेला ७.९ अंश तापला, म्हणून १५ ÷ ७.९ = १.९. पेला जणू १.९ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतो. याला जलतुल्यांक म्हणतात. हा आकडा फार नाजूक असतो. मिश्रणाचं तापमान ३१.८ वाचलं असतं तर तो थेट दुप्पट झाला असता. पण १५० ग्रॅम पाण्यापुढे दोन काय आणि चार काय, उत्तरात फरक एका टक्क्याच्या आसपासच पडतो. त्यामुळे थर्मोकोल वापरणाऱ्यांनी याची फार चिंता करू नये. धातूचा पेला वापरणाऱ्यांनी मात्र त्याची नोंद विसरली तर जवळपास पाच टक्के जातात.

उत्तर चुकलं तर कुठे शोधायचं

उत्तर कोणत्या बाजूला चुकलं आहे ते आधी बघा. कमी आलं असेल तर संशय याच क्रमाने घ्या: वजन हवेत जास्त वेळ राहिलं, पेला-ढवळणीची उष्णता धरली नाही, उकळतं पाणी १०० अंशांचं मानलं, सर्वोच्च तापमान तसंच वापरलं, शिशाची टिकली. जास्त आलं असेल तर चिकटलेलं पाणी, ज्योतीची धग, किंवा बुडवताना उडालेलं पाणी. पाणी कमी झालं की उरलेलं जास्त तापतं आणि आपण गणितात मात्र पूर्ण १५० धरतो. ढवळणं कमी पडलं तर चूक कुठल्याही बाजूला जाते, कारण तापमापीचं टोक ज्या थरात आहे तेवढंच तो सांगतो. वजनाला टेकलेला तापमापी तर हमखास जास्त दाखवतो.

एकदा प्रयोग करून थांबू नका, तीनदा करा. तिन्ही उत्तरं एकमेकांजवळ आणि छापील आकड्यापासून दूर असतील, तर तोलण्यात किंवा सूत्रात काहीतरी कायमचं चुकतंय. तिन्ही विखुरलेली असतील तर हाताचा वेग आणि निथळणं सारखं होत नाहीये. आणि उत्तर छापील आकड्याशी जुळवण्यासाठी नोंदी बदलू नका. हे मी फार कळकळीने सांगतो. ३१.६ च्या जागी ३१.८ लिहिलेली वही मला लगेच ओळखू येते, कारण पुढची उतरती रेष तिच्याशी जुळत नाही. ०.३४ आलं आणि का आलं ते शोधून लिहिलं, तर माझ्या वर्गात त्याला पूर्ण गुण असतात.

या आकड्याने काय ओळखता येतं

०.३६६ ते ०.३८६ या पट्ट्यात लोखंड बसत नाही, ॲल्युमिनियम तर नाहीच, शिसंही नाही. पण तांबं बसतं. पितळ आणि तांब्याचे आकडे इतके जवळ आहेत की आपल्या प्रयोगाने त्यांच्यात फरक करता येणार नाही. तो करायचा तर वजन पाण्यात बुडवून घनता काढा: तांब्याची ८.९६, पितळेची बहुधा ८.४ ते ८.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

हे आकडे एकमेकांपासून इतके दूर का असतात, याचं सुंदर उत्तर १८१९ मध्ये पॅरिसमधल्या द्युलाँ आणि पेती यांनी दिलं. एका ग्रॅमऐवजी एका मोलचा, म्हणजे प्रत्येक धातूच्या सारख्याच संख्येच्या अणूंचा, हिशेब करा. त्यासाठी विशिष्ट उष्माधारकतेला एका मोलच्या ग्रॅममधल्या वस्तुमानाने गुणा. तांबं ०.३८५ × ६३.५ = २४.४. लोखंड ०.४४९ × ५५.८ = २५.१. ॲल्युमिनियम ०.८९७ × २७ = २४.२. शिसं ०.१२९ × २०७ = २६.७. सगळे पंचविसाच्या आसपास. उष्णता साठवताना साध्या धातूंमध्ये महत्त्व अणूंच्या संख्येला असतं. ॲल्युमिनियमचे अणू हलके, म्हणून एका ग्रॅममध्ये ते जास्त मावतात आणि ग्रॅममागे उष्णताही जास्त लागते. वर्गात चार गटांना चार धातू देऊन शेवटी फळ्यावर हे गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. सगळी उत्तरं पंचविसाजवळ येताना बघून वर्ग शांत होतो.

पुढचे दोन प्रयोग: तेल आणि खडी

आता वजनाची विशिष्ट उष्माधारकता माहीत आहे, तर तेच वजन वापरून द्रवाची काढता येते. पाण्याऐवजी १५० ग्रॅम शेंगदाणा तेल घ्या. बाकी सगळं तसंच, फक्त वजन कोरडं हवं. ओलं वजन तेलात गेलं तर पाणी तळाशी बसून वेगळंच तापतं. म्हणून वजन उघड्या उकळत्या पाण्यात न ठेवता कोरड्या, अरुंद स्टीलच्या डब्यात कापसाचा बोळा लावून ठेवा आणि तो डबा उकळत्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. डब्यातलं तापमान स्वतंत्र मोजा, ते उकळत्या पाण्यापेक्षा अंशभर कमी निघू शकतं. तेल पाण्यापेक्षा खूप जास्त तापेल, वाढ तेरा-चौदा अंशांपर्यंत जाईल, आणि उत्तर २ च्या आसपास येईल. तेल दाटसर असल्यामुळे ढवळणं जास्त काळजीने करा.

दुसरा प्रयोग आपल्या पायाखालच्या दगडाचा. सह्याद्री आणि दख्खनचं पठार ज्या काळ्या बेसाल्टचं बनलंय, त्याची खडी कुठल्याही बांधकामाजवळ मिळते. सछिद्र नसलेले, घट्ट दाण्याचे, बोराएवढे तुकडे निवडा. धुवा, उन्हात दोन दिवस वाळवा, तोला आणि वर सांगितलेल्या कोरड्या डब्यातच तापवा. दगड आपली उष्णता पितळेसारखी झटकन सोडत नाही. मधला गाभा बाहेर यायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यामुळे पारा चढायला वेळ लागतो, तोवर पेल्यातून गळती चालूच असते, आणि मागे वाढवलेल्या रेषेची दुरुस्ती इथे ०.१ अंशावर भागत नाही. नोंदी किमान दहा मिनिटं घ्या. उत्तर ०.८ च्या आसपास आलं तर प्रयोग नीट झाला असं समजा. बरंच जास्त आलं, तर खडी बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा तोला. ती पहिल्यापेक्षा जड भरली, तर दगडाच्या भेगांत पाणी शिरतं हे कळेल. वाळवणं अपुरं राहिलं असेल तर असंच पाणी आधीपासून आत असणार, आणि त्याची उष्णता आपण दगडाच्या खात्यात मांडली असणार. मग तीच खडी आणखी वाळवा आणि पुन्हा तापवा.